घर आणि परिसर : वेशीवरच्या गावांची पारख

या सदरात आम्ही बहुधा घराच्या चार भिंतींच्या आतील व्यवस्थेविषयी लिहीत असतो. या खेपेस भिंतीबाहेर, किंबहुना वेशीबाहेर, पाऊल टाकण्याचा विचार आहे. त्याचे कारण असे की, आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मूळ घरे आज अशा गावांत आहेत, की ज्यांना धड गावही म्हणता येत नाही आणि धड शहरही म्हणवत नाही. पुण्याभोवतालचेच उदाहरण घ्या. 1997 साली आसपासची काही गावे महापालिकेच्या हद्दीत आली. 2017 साली लोहगाव, उंड्री, धायरी, आंबेगाव इत्यादी 11 गावे आली आणि 2021 च्या जूनअखेर वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, खडकवासला, मांजरी बुद्रुक, नऱ्हे आदी 23 गावांची भर पडली. हद्द वाढली की विकासाचा आराखडा येतो आणि आराखडा आला की वाडवडिलांच्या घरावरून एखादी रंगीत रेघ जाते. ती रेघ कोणी, काय पाहून ओढली, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

आराखडा करणाऱ्यासमोर भूमापनाचे क्रमांक असतात, रस्त्यांची रुंदी असते, शाळा, दवाखाना व बाजार यांसाठी राखावयाच्या जागा असतात. या गोष्टी अवश्य होत, यात वाद नाही. परंतु जो मनुष्य केवळ कागद पाहतो, त्याला पार हा रस्त्यातील अडथळा वाटतो, ओढा ही मोकळी जागा वाटते आणि गायरान म्हणजे तर आयतीच सापडलेली जमीन! गावाला मुद्रा असते, स्वभाव असतो. तो नकाशावर आपोआप उमटत नाही. तो कोणी तरी पायी हिंडून, पाहून, लिहून काढावा लागतो. यालाच आम्ही गावाची पारख म्हणतो.

आपल्या पूर्वजांनी गावाचे दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. या दोन शब्दांत नगररचनेचे एक प्रकरणच सामावले आहे. पांढरी सामान्यतः उंचवट्यावर, पाण्यापासून फार दूर नाही आणि पुराच्या टप्प्यातही नाही, अशी निवडली जाई. चांगली काळी घरांखाली घालवावयाची नाही, असा त्यामागील हिशेब. पांढरीभोवती गावकूस, त्याला वेस, वेशीजवळ मारुती, आत चावडी, पार, देऊळ आणि जातवार आळ्या. खाली पाणवठा, पलीकडे मळे, त्यांपुढे गायरान आणि शेवटी शीव. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या रचनेत जसे शहाणपण होते, तसा अन्यायही होता. कित्येकांना गावकुसाबाहेर राहणे भाग पडले. म्हणून पारख करणाराने केवळ वाड्यांची आणि देवळांची यादी करून थांबणे योग्य नव्हे. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, त्यांच्या विहिरी, त्यांची समाजमंदिरे हीही गावाच्या मुद्रेचीच अंगे होत, आणि नव्या आराखड्यात त्यांना रस्ता, पाणी व मान मिळतो की नाही, हीच त्या आराखड्याची पहिली परीक्षा होय.

अशी पारख आपल्याकडे अगदीच नवी आहे असेही नाही. पेशवाई संपून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज वैद्याने पुण्याजवळच्या लोणी गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. जमिनी, घरे, अवजारे, घरातील भांडीकुंडी येथपर्यंत त्याची नजर गेली होती. हे लोणी म्हणजे नगर रस्त्यावर वाघोलीच्या पुढे असलेले लोणीकंद. पुढे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि 1960 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. घुर्यांच्या आधी मुंबई विद्यापीठात त्या विषयाचे अध्यापक होते पॅट्रिक गेडिस. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1915 पासून हिंदुस्थानातील अनेक शहरांत ते पायी हिंडले. उपचाराआधी निदान, हा त्यांचा मंत्र. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडून नेण्यापेक्षा, पडके घर काढून तेथे मोकळी जागा करावी, विहीर स्वच्छ करावी, झाड राखावे आणि वस्ती जिवंत ठेवावी, अशी त्यांची पद्धत होती. ती कमी खर्चाचीही असते, हे ते हिशेब मांडून दाखवीत. विलायतेत 1967 साली कायदा होऊन, एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण परिसराची मुद्रा जपण्याची सोय झाली. तेथे आता कित्येक खेड्यांचे असे लेखी वर्णन करून ठेवतात आणि नवीन बांधकामास परवानगी देताना ते समोर घेतात.

मग पारख करावयाची कशी? क्रम असा ठेवावा. प्रथम जमीन पाहावी : टेकडी कोठे, उतार कोणीकडे, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते. दुसरे, गावात शिरताना काय दिसते ते पाहावे. दुरून देवळाचे शिखर दिसते काय, वडाची रांग आहे काय, वळणानंतर एकदम पार समोर येतो काय? तिसरे, वाटा. गल्लीचे अरुंदपण हा नेहमी दोषच असतो असे नाही. उन्हाळ्यात सावली देणारी आणि मुलांना निर्धास्त खेळू देणारी गल्ली हाही गुणच होय. चौथे, घरे. जोते किती उंच, ओटा रस्त्याकडे आहे की नाही, भिंत काळ्या दगडाची, कच्च्या विटेची की पांढऱ्या मातीची, छप्पर कसले?

छपराविषयी थोडे अधिक लिहिण्यासारखे आहे, कारण पुणे हे दोन हवामानांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेस मावळात पाऊस फार, म्हणून घरांना उतरती छपरे; पूर्वेस पाऊस झपाट्याने कमी होतो, म्हणून धाब्याची सपाट घरे. एका जिल्ह्यात दोन तऱ्हा, आणि दोन्ही तर्कशुद्ध! पुढे 1865 साली बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. मग देशी नळीच्या कौलांच्या जागी ही चपटी कौले आली. छपराकडे पाहून घराचा काळ थोडाबहुत सांगता येतो तो असा.

पाचवे, पाणी व झाडे. सहावे, वहिवाट. पालखी कोणत्या वाटेने जाते, जत्रा कोठे भरते, बाजार कोणत्या झाडाखाली बसतो, हे नकाशात कधीच नसते. ते गावातील म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असते. आणि सर्वांत शेवटी तोल. सगळेच जपता येत नाही व जपूही नये. जे गेले असता गाव ओळखू येणार नाही, ते पहिल्या वर्गात घालावे. जे बदलले तरी चालेल पण मापात बदलले पाहिजे, ते दुसऱ्यात. आणि जे बदललेलेच बरे, ते तिसऱ्यात. हे तीन वर्ग प्रामाणिकपणे पाडले, म्हणजे पारख झाली.

ही केवळ सौंदर्याची हौस आहे, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही आंबिल ओढ्याकडे बोट दाखवितो. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या याच खोऱ्यात पेशव्यांनी तलाव बांधून, भुयारी दगडी नळाने शहरातील हौदांस पाणी आणले. पाण्याची वाट ओळखून केलेले ते काम होते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याला लोंढा आला. भिंती कोसळल्या, माणसे दगावली, संसार वाहून गेले. ओढ्याचे पात्र आवळले की पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. मध्ये आलेले घर मात्र विसरून जाते. टेकड्यांचेही तसेच. 1997 साली आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले, ते केवळ हिरवळ दिसावी म्हणून नव्हे. टेकडी पाणी जिरविते, म्हणून खालची वस्ती सुरक्षित राहते. आणि काळीचे मोल पाहावयाचे असेल तर मांजरीकडे पाहा. 1879 साली पुऱ्या झालेल्या खडकवासल्याच्या धरणाचे पाणी कालव्याने तिकडे गेले आणि त्या भूमीचे रूप पालटले. ऊस व द्राक्ष यांच्या संशोधनसंस्था तेथे निघाल्या, हा काही योगायोग नव्हे.

आता घरातील अडचण. वाडा चार भावांचा. दोघे परगावी, एक परदेशी, एक तेथेच राहणारा. मातीची भिंत दर पावसाळ्यात फुगते, संडास परसात, मोटार दारापर्यंत येत नाही. अशा वेळी बांधकाम करणारा दारात उभा राहून प्रत्येक भावास एकेक सदनिका देऊ करतो. मुद्रा जपा, असे दुरून सांगणे सोपे. तेथे राहणाऱ्या वहिनींना ते सांगून पाहावे! आमचे म्हणणे एवढेच की, प्रश्न 'वाडा की सदनिका' असा दोनच टोकांचा नसतो. जोते, ओटा, रस्त्याकडील भिंत आणि आसपासची उंची राखून मागील बाजूस सर्व सोयींनी युक्त घर बांधता येते. वारसा म्हणून नोंद झालेल्या वास्तूच्या मालकास, न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकण्याची तरतूद नियमांत आहे. परंतु त्यासाठी आधी नोंद हवी, आणि नोंदीसाठी आधी कोणी तरी पारख केलेली हवी. वाटणीपत्र होण्यापूर्वी सर्व भावांनी मिळून ही माहिती एकदा घ्यावी, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.

कायदा याच्या आड येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याच्या 22 व्या कलमात विकास आराखड्यात काय काय असावे हे सांगितले आहे. त्यात निसर्गसौंदर्याच्या भूभागांचे आणि ऐतिहासिक, नैसर्गिक व वास्तुविषयक महत्त्वाच्या स्थळांचे जतन हेही आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. दुर्दैव असे की, बहुतेक हरकती 'आमच्या जमिनीवरचे आरक्षण काढा' एवढ्याच आशयाच्या असतात. 'आमच्या गावातील अमुक पार, अमुक बारव व अमुक ओढ्याची वाट राखा. सोबत छायाचित्र व नकाशा जोडला आहे' अशी हरकत क्वचितच येते. अशी एक लेखी हरकत शंभर हळहळींहून अधिक कामाची होय.

शहर गावाला गिळते, असे आपण म्हणतो. पण ते सर्वस्वी खरे नाही. भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले, तरी तेथील गावठाणात रोकडोबा अद्याप आहे. कोथरूड किती वाढले, तरी म्हातोबाचे देऊळ जागचे हललेले नाही. देऊळ राहते, कारण त्याला भक्त असतात. पाराला, ओढ्याला, गल्लीला आणि वडाला भक्त नसतात, म्हणून ती जातात.

येत्या सुटीत मूळ गावी जाणे झाल्यास आमच्या वाचकांनी एक दिवस या कामी द्यावा. मुलांच्या हाती कागद व पेन्सिल द्यावी आणि आजीला किंवा गावातील एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांना बरोबर घेऊन वेशीपासून पाणवठ्यापर्यंत चालत जावे. वर सांगितलेल्या सहा गोष्टी क्रमाने टिपून घ्याव्या आणि घरी आल्यावर त्यांचे तीन वर्ग पाडावे. त्याची एक प्रत घरात ठेवावी, एक ग्रामस्थांपैकी जबाबदार मंडळींच्या हाती द्यावी आणि मसुदा प्रसिद्ध होताच एक नगररचना खात्याकडे पाठवावी. रेघ ओढली जाण्यापूर्वी ही माहिती तेथे पोहोचली, तर ती रेघ चार हात बाजूने जाण्याचा संभव असतो.