ज्ञान हाही इलाजच

संधिवाताने पीडलेला मनुष्य दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती औषधांची चिठ्ठी असते. परंतु सकाळी आखडलेली बोटे कशी सैल करावीत, गुडघा ठणकत असता चालावे की निजून राहावे, आणि आमवातावरील मेथोट्रेक्झेटची मात्रा रोज न घेता आठवड्यातून एकदाच का घ्यावयाची, या प्रश्नांचा उलगडा त्या चिठ्ठीत क्वचितच सापडतो. यांतील शेवटच्या बाबतीतले अज्ञान तर जिवावर बेतू शकते.

जो विकार समूळ जात नाही त्याच्याशी संसार रोग्यालाच करावा लागतो. हे ओळखूनच अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी सहा आठवड्यांचा, दर आठवड्यास दोन तासांचा वर्ग सिद्ध केला, आणि तो चालविण्याचे काम पुष्कळदा स्वतःच हे दुखणे सोसणाऱ्या, पण त्यासाठी तयार केलेल्या सामान्य माणसांकडे सोपविले. १९९३ साली प्रसिद्ध झालेला चार वर्षांनंतरचा ताळेबंद विचार करावयास लावणारा आहे: वर्गात बसलेल्यांची शारीरिक अक्षमता ९ टक्क्यांनी वाढली होती, आणि तरीही वेदना सरासरी २० टक्क्यांनी व डॉक्टरांकडील खेपा ४० टक्क्यांनी घटल्या होत्या. व्याधी आपल्या गतीने पुढे सरकत असताही दुःख ओसरले, याचे मर्म लोरिग यांना रोग्याच्या ठायी जागृत झालेल्या ‘हे मला साधेल’ या विश्वासात आढळले.

आपल्याकडे याची निकड थोडी नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झालेल्या घरोघरच्या पाहणीत हाडे, सांधे व स्नायूंची दुखणी हीच गावकऱ्यांची मोठी तक्रार म्हणून पुढे आली. तरीसुद्धा ‘वयोमानाने चालायचेच’ एवढ्या सांत्वनावर आपण त्यांची बोळवण करतो. शिक्षण औषधाची जागा घेईल असे कोणी म्हणणार नाही. उलट आमवातावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात, हे रोग्याला शिक्षणानेच कळते.

म्हणून सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा मराठी वर्गाची तजवीज करावी, आणि त्याचा खर्च औषधांच्या खर्चाइतकाच रास्त मानावा. वाकड्या झालेल्या बोटांनी बरणीचे झाकण कसे उघडावे हे तशाच बोटांची एखादी बाई दाखवील, तेव्हा समोर बसलेल्यांना लाभणारा धीर कोणत्याही चिठ्ठीवर लिहून देता येणार नाही.