पिंपल, पापलेट आणि पहिली शिफ्ट

डाएटचा मुहूर्त नेहमी सोमवारचाच का असतो, हे कुणीतरी एकदा मला सांगा! रविवारी रात्री आरशासमोर उभं राहायचं, गालावरच्या नव्या पाहुण्याला नमस्कार करायचा आणि 'उद्यापासून तेलकट बंद, गोड बंद, बाहेरचं बंद' अशी भीष्मप्रतिज्ञा करून टाकायची. सोमवारी डब्यात काकडी. मंगळवारी डब्यात काकडी आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले. बुधवारी बोईसर स्टेशनबाहेर वड्यांचा घाणा नुकताच निघालेला असतो आणि... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पालघर-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्या माझ्या बहुतेक मित्रमैत्रिणींचं हे ठरलेलं टाइमटेबल आहे. त्यांच्या विलपॉवरचा यात फार दोष आहे, असं मला तरी वाटत नाही. जरा त्यांचा दिवस बघा. एक गट मुंबईला जाणारा. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली खरी, पण चर्चगेट ते पालघर हे नव्वदेक किलोमीटरचं अंतर काही कमी झालं नाही. पहाटे उठायचं, चहा ढोसायचा, गाडी पकडायची. पोटात पहिला घास पडेपर्यंत अकरा वाजतात. त्या वेळी समोर जे येईल ते जेवण! दुसरा गट तारापूर एमआयडीसीतला. सकाळी सातची शिफ्ट, नाहीतर दुपारी तीनची, नाहीतर नाइट. आठवड्याला शिफ्ट बदलली की पोटाचं घड्याळही बदलतं. 'संध्याकाळी सातच्या आत जेवा' हा मासिकातला सल्ला ज्याची नाइट रात्री अकराला सुरू होते, त्याने नेमका कुठे चिकटवायचा?

माझी एक मैत्रीण तिथल्याच एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. वय सव्वीस. दिवसभर कोट, टोपी, मास्क. गालांवर आणि हनुवटीवर गेली दोन वर्षं पिंपल्सनी बिऱ्हाड थाटलंय. कॉलेजात असताना येऊन गेले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण आता घरात स्थळं बघणं सुरू आहे. मावशीने परवा अगदी मायेने सांगितलं, "जरा चेहरा निवळू दे गं, मग फोटो काढू." हे 'मग' ऐकून ऐकून पोरगी वैतागलीये. एमएस्सी झाली, स्वतःच्या पैशांनी स्कूटी घेतली, घराच्या हप्त्यात निम्मा वाटा उचलते. पण फोटो कधी काढायचा हे ठरवणार हनुवटीवरचे चार फोड!

तर या मॅडमनी वर्षभरात तीन डाएट केली. पहिलं दीक्षित डाएट. आठवतं ना, २०१८ मध्ये अख्खा महाराष्ट्र दोन पार्ट्यांत वाटला गेला होता? एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवा, तेही पंचावन्न मिनिटांत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. थोडं थोडं, दर दोनेक तासांनी खा, आणि वर तूपही खा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस 'तुम्ही दीक्षित की दिवेकर?' असं विचारायचा, जणू शिवसेना की राष्ट्रवादी! गंमत म्हणजे या दोन्हींचा मूळ विषय वजन आणि साखर हा होता. पिंपल्स घालवायचं वचन त्यात कुणी दिलंच नव्हतं, ते आपणच मनाने जोडलं. सेकंड शिफ्टमध्ये दोन जेवणांचं गणित बसेना, म्हणून ते सुटलं. मग जिममधल्या एका दादाने व्हे प्रोटीनचा डबा गळ्यात मारला. हनुवटीवर आणखी तीन. तिसरं डाएट म्हणजे फक्त सॅलड. ते नऊ दिवस चाललं आणि दहाव्या दिवशी कँटीनमध्ये वाढदिवसाचा केक आला.

आता जरा शास्त्राकडे वळू. कंटाळू नका, यात भरपूर मसाला आहे.

१९६९ साली, म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं त्याच वर्षी, अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. ६५ जणांना काही आठवडे रोज चॉकलेटचा बार दिला आणि काही आठवडे बिनचॉकलेटचा नकली बार. पिंपल्समध्ये फरक पडला नाही. झालं! पुढची तीसेक वर्षं डॉक्टर ठामपणे सांगत राहिले की खाण्याचा आणि पिंपल्सचा काही संबंध नाही. नंतर लोकांच्या लक्षात आलं, अरे, त्या नकली बारमध्येही साखर आणि फॅट जवळपास तेवढंच होतं! म्हणजे एका हातात पेढा आणि दुसऱ्या हातात बर्फी देऊन 'बघा, काही फरक नाही' म्हणण्यातला प्रकार.

मग २००२ मध्ये संशोधकांनी पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावर १२०० लोक तपासले. कंद, फळं, मासे आणि नारळ खाणारी माणसं. एकालाही पिंपल नाही! अर्थात तिथे ना शिफ्ट, ना लोकल, ना मावशी. शिवाय जीन्स वेगळे असू शकतात, त्यामुळे नुसत्या एवढ्यावर उड्या मारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मला २००७ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग जास्त पटतो. पंधरा ते पंचवीस वयाची ४३ मुलं घेतली आणि बारा आठवडे निम्म्यांना रक्तातली साखर झटकन न वाढवणारं जेवण दिलं. त्यांचे पिंपल्स सरासरी चोवीसने कमी झाले. नेहमीचं खाणाऱ्यांचेही बाराने कमी झाले, हे मात्र जाहिरातवाले कधीच सांगणार नाहीत. शिवाय डाएटवाल्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे नेमकी कशाने जादू झाली ते सुटं काढता येत नाही.

मागचा फंडा सोपा आहे. मैदा, साखर, पांढरा पाव पोटात गेला की साखर भसकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन धावतं, त्याच्या पाठोपाठ आयजीएफ-१ नावाचा हार्मोन वाढतो आणि त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी ओव्हरटाइम करायला लागतात. दुधाबद्दलही, विशेषतः साय काढलेल्या दुधाबद्दल, २००५ मध्ये अमेरिकेतल्या सत्तेचाळीस हजारांवर नर्सेसच्या पाहणीत संबंध दिसला होता. पण त्या पाहणीत बायकांनी शाळेत असताना किती दूध प्यायलो ते आठवून सांगितलं होतं. मला गेल्या सोमवारी काय खाल्लं ते आठवत नाही! म्हणूनच अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की अमुक डाएट करा असं सांगण्याइतका पुरावा अजून हाती नाही. सांगायचं म्हणजे, खाण्याने फरक पडत असेल, पण तो मदतनीसाचा. हिरोचा रोल औषधाचाच.

आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. डाएटला दाद मिळेना म्हणून आमच्या मैत्रिणीने मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी नको, विचारपूस नको, "आठ दिवसांत ग्लो येईल ताई." आला की! पंधरा दिवस चेहरा असा उजळला की मावशीने फोटोग्राफर बुक करायला घेतला. ट्यूब संपली, दोन दिवस लावली नाही, तर चेहरा लालबुंद, जळजळ, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट फोड. त्यात स्टेरॉइड होतं. अशी स्टेरॉइडवाली क्रीम्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये त्यातली चौदा शेड्यूल एचमध्ये टाकली. तरी काउंटरवर ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. ट्यूबवर बारीक अक्षरात 'बीटामेथासोन', 'मोमेटासोन', 'क्लोबेटासॉल' असलं काही दिसलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर ती चेहऱ्याला लावायची नाही. आधीच लावत असाल तर परस्पर बंद करण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तिला अखेर डॉक्टरीणबाईंनीच धीर दिला. रात्री लावायचं एक जेल दिलं आणि म्हणाल्या, "बारा आठवडे आरशाला पॅरोल नाही." त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो, तर नऊ दिवसांच्या काकडीने काय होणार? मासिक पाळी नियमित आहे का, हनुवटीवर जाड केस येतात का, हेही त्यांनी विचारलं. पंचविशीनंतर जबड्याच्या कडेला येणाऱ्या फोडांमागे कधीकधी पीसीओएस असतं, म्हणून. कामावर तेल-ग्रीस किंवा क्लोरीनवाली रसायनं अंगावर येतात का, तेही. कारण त्यानेही फोड येतात आणि त्यावर डाएट हा उपाय नाहीच. बोईसरला चार जण जमले की 'हे सगळं इथल्या हवेमुळे' असा निकाल लागतो. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं होतं, तेव्हा संशय अगदीच हवेतला नाही. पण तिचे फोड कमी झाले ते त्याच हवेत.

खाण्याचं काय ठरलं? हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण त्यात 'बंद' हा शब्द नव्हता. आधी चहा मोजला. शिफ्टमध्ये पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसती चहातून! जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला आहे की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. वड्याला आपण उगाच बदनाम करतो. खरा खलनायक किटलीत बसलेला. दुसरं म्हणजे, सकाळी घरातून उपाशी निघायचं नाही. भिजवलेले चणे, उकडलेलं अंडं, रात्रीची भाजी-भाकरी, काहीही चालेल. पोट भरलेलं असलं की अकराचा वडा एकावर थांबतो, तीन होत नाहीत. नाइट असेल तर जेवण कामावर निघण्यापूर्वीच, आणि पहाटे तीनला फरसाणाऐवजी चणे-शेंगदाणे.

बाकी आपल्या जिल्ह्यात असताना क्विनोआ आणि अॅव्होकाडो शोधत फिरायचं म्हणजे कमालच! सातपाटीचं पापलेट आपल्याकडचं. २०२३ मध्ये ते राज्यमासा झालं आणि भाव ऐकून आपण नुसतं अभिनंदन करून परत येतो, ते सोडा. मांदेली आणि बोंबील तर परवडतात? 'मासे उष्ण पडतात, फोड येतात' असं घरी सांगतात. त्याला पुरावा मला तरी कुठे सापडला नाही. आंब्याचं वेगळं, सालीचा चीक ओठांना लागला तर भोवती पुरळ उठतो, पण तो पिंपल नव्हे. थंडीत केळवे-माहीमकडच्या वाडवळांची उकडहंडी करून बघा. कोनफळ, रताळी, वालपापडी, सगळं एका हंडीत. किटावा बेटावरच्या लोकांना आपलंच जेवण वाटेल! डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तो अख्खा खाल्लात तर ठीक. दूध-साखर घालून त्याचा शेक केलात, तर ती आइस्क्रीमची चुलतबहीण.

नाचणीबद्दल मात्र एक सांगायचंय. २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं आली. पाकीट उलटं करून वाचा, बऱ्याचदा साखर आणि मैदा नाचणीच्या पुढे असतो. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर वारली आणि कोकणा शेतकरी हीच नाचणी पिकवतात, आणि त्याच जव्हारमधल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली होती. आपल्या ग्लोसाठी त्यांची नाचणी घ्यायचीच असेल तर आठवडी बाजारातून दाणे घ्या, दळून आणा, भाकरी करा. पैसेही बरोबर हातात जातात.

मैत्रिणीचा सध्या अकरावा आठवडा चालू आहे. नवे फोड फारच कमी, जुने डाग मात्र ठाण मांडून. त्यांना आणखी काही महिने लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मधल्या काळात दोन वडे आणि एक अख्खी जिलेबी झाली, त्याचं तिने सुतक पाळलेलं नाही. फोटो गेल्या रविवारी काढला, डागांसकट. "एडिट करू नका," असं तिने फोटोग्राफरला बजावलं तेव्हा मावशी दोन मिनिटं गप्प होती. आणि कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा मागणाऱ्या आता चौघी झाल्यात, त्यामुळे काकांनी त्यांच्यासाठी वेगळी किटली ठेवली आहे. तिच्यावर त्यांनी खडूने लिहिलंय, 'फिका'.