अंगणाची जबाबदारी पालकांचीही

बालवाडीच्या दारात मुलाला न्यायला आलेल्या पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आज काय शिकवले?’ वहीत चार अक्षरे गिरवलेली दिसली की त्याचे समाधान होते. मूल पळाले, चढले, मातीत खेळले असे शिक्षिकेने सांगितले, तर कपाळाला आठी पडते. शिक्षिकाही मग शहाणी होते. खेळाची वेळ आखडते आणि तीन वर्षांच्या कोवळ्या बोटांत पेन्सिल येते. मुलांना बसवून ठेवण्याचा दोष केवळ शाळांच्या माथी मारणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतील ६० मिनिटे तरी चांगली धावपळीची असावीत आणि पडद्यासमोर बसणे एका तासापलीकडे जाऊ नये, असे ती सांगतात. दोन-तीन तासांच्या बालवाडीला हा हिशेब एकटीने पुरा करता येणार नाही, हे उघड आहे. उरलेला दिवस घराचा आहे, आणि तेथेच जेवताना मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो.

घर आणि बालवाडी यांची ही फारकत आपल्या परंपरेत नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांचे खेळणे-शिकणे घरच्यांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना आज आपण अंगणवाडीच म्हणतो. नाव राहिले, अंगणातली घरची माणसे मात्र मागे सरली.

शहरात अंगण उरले नाही, रस्त्यावर वाहने आहेत, आईवडील दोघेही नोकरीवरून थकून येतात, या अडचणी खोट्या नाहीत. पण लहान मुलाला मैदान लागतेच असे नाही. लंगडीला चार फरशा पुरतात. जिना चढणे, बाजारापर्यंत कडेवर न बसता चालत जाणे, बादलीत तांब्याने पाणी भरणे, बापाच्या पाठीवर घोडा-घोडा करणे, ही सारी हालचालच आहे. तिला पैसा लागत नाही; मोठ्यांचा थोडा वेळ आणि बराचसा धीर लागतो. कपडे मळतील, गुडघा खरचटेल, कामाला उशीर होईल, हे सोसण्याचा धीर.

तो पालकांत आणण्याचे काम शिक्षिकेचे आहे. पालकसभा म्हणजे शुल्क आणि गणवेश यांच्या सूचना ऐकण्याची जागा, हे समीकरण मोडावयास हवे. महिन्यातून एकदा पालकांनी मुलांबरोबर तासभर खेळावे, आणि त्या दिवशी वडिलांनाही आग्रहाने बोलवावे. काल धडपडणारे आपले मूल आज एका पायावर तोल सावरते, हे ज्याने पाहिले, त्याला खेळाचे महत्त्व व्याख्यान देऊन पटवावे लागत नाही.

अशा पालकाचा दारातला प्रश्नही बदलेल. ‘आज काय शिकवले?’ याऐवजी ‘आज काय खेळलास?’ असे तो मुलालाच विचारील. शिक्षिकेला हवा असलेला आधार तो हाच.