बेणे निरोगी, तरच ऊस लढेल



लागण जवळ आली की गावोगाव एकच बोलणे कानी येते, "बेणं कशाला इकत आणायचं? आपल्याच खोडव्यातलं तोडू की!" घरचे बेणे म्हणजे फुकटचे बेणे, हा हिशेब आम्हाला पटत नाही. पानावर फिकट-हिरव्या चट्ट्यापट्ट्या दाखवणारा मोझॅक त्याच कांडीतून पुढच्या लागणीत उतरतो. पुढे मावा तो शेजारच्या सरीत नेतो. मोझॅक हा विषाणूचा रोग. लागलेला ऊस फवारून बरा होईल असे औषध आज बाजारात नाही.

मग ऊस अगदीच निराधार आहे काय? नाही. प्रत्येक झाडाच्या पेशीत एक पहारा असतो. शास्त्रज्ञ त्याला आरएनए इंटरफिअरन्स म्हणतात. आपण 'आरएनए-अटकाव' म्हणू. मोझॅकचा विषाणू म्हणजे प्रथिनात गुंडाळलेली आरएनएची चिठ्ठी. पेशीत शिरून ती आपल्या नकला काढू लागली की मधेच दुहेरी आरएनए तयार होतो. झाडाला तिथेच संशय येतो. 'डायसर' नावाचे प्रथिन कात्रीसारखे त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडते. 'अर्गोनॉट' नावाचे दुसरे प्रथिन तो तुकडा नमुना म्हणून जवळ ठेवते आणि त्याच्याशी जुळेल ती चिठ्ठी फाडत सुटते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका बारीक कृमीत ही युक्ती उलगडली. २००६ साली त्यांना नोबेल मिळाले. झाडांतले हे बारीक तुकडे हॅमिल्टन आणि बॉलकोंब यांनी १९९९ साली दाखवून दिले.

पण चोरही वस्ताद! मोझॅकच्या कुळातले विषाणू एक प्रथिन बनवतात, ते राखणदाराचे नमुनेच अडवून धरते. पहारा ढिला पडतो. आता विचार करा, कांडीच रोगट असेल तर कोंब फुटतानाच शत्रू घरात बसलेला असतो. अशा उसाने लढायचे तरी कधी?

मात्र शेंड्याच्या टोकाशी, एक मिलिमीटरहूनही लहान अशा कोवळ्या भागात, विषाणू सहसा पोचत नाही. त्यात या पहाऱ्याचाही वाटा असतो. ऊतिसंवर्धनाचे सारे मर्म इथेच आहे. तेवढाच भाग काढून बाटलीत वाढवला आणि रोपे तपासून घेतली, की विषाणूमुक्त बेण्याची सुरुवात होते. बेण्याला उष्ण हवेची प्रक्रिया गवताळ वाढीसारख्या रोगांवर चांगली, पण मोझॅक तिने हटत नाही.

या बाबतीत घाटाखालच्या भातवाल्याकडे पाहावे. कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या बाजूला भात हेच मुख्य पीक. पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकावे, तरंगेल ते पोचट काढून टाकावे, ही कोकणातली जुनी शिफारस. कशेळ्याच्याच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने भाताच्या स्थानिक जाती जपण्याचे काम केले. शिवाय भाताचे बहुतेक विषाणू बियातून उतरतच नाहीत. आपली कांडी मात्र सगळे पोटात घेऊन येते. म्हणजे निवडीची गरज आपल्याला त्यांच्याहून जास्त, आणि निवड करतो आपण कमी!

बाहेरच्या जगात ही विद्या बरीच पुढे गेली आहे. हवाईत १९९८ पासून लावली जाणारी विषाणूरोधक पपई याच पहाऱ्यावर उभी आहे. २०१८ साली याच तत्त्वावरचे पहिले औषध, पॅटिसिरान, माणसाच्या एका आनुवंशिक रोगासाठी मंजूर झाले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ साली बारीक मातीकणांवर दुहेरी आरएनए बसवून तंबाखूच्या पानांवर एकदाच फवारला, तर २० दिवस विषाणूपासून संरक्षण मिळाले. उद्या हे उसापर्यंत येईलही. पण उद्याच्या आशेवर आज रोगट कांडी लावणे शहाणपणाचे नव्हे. आणि 'आरएनए' असे छापलेली बाटली मोझॅकवरचा इलाज म्हणून कोणी दारात आणली, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली साखर कारखानदारीच्या सहकारातूनच उभी राहिली; तिथले मूलभूत बेणे आपल्या हक्काचे आहे. कारखान्याने ते आणून पायाभूत आणि प्रमाणित बेण्याचे मळे गटवार करावेत, आणि त्यासाठीची तरतूद वार्षिक सभेत सभासदांनी मागून घ्यावी. सभासदांनीही आपली बाजू सांभाळावी. खोडव्याचे बेणे वापरू नये. नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलेच बेणे घ्यावे. रोगट बेट दिसले की मुळासकट उपटावे. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.

एकाने बदलले आणि शेजाऱ्याने नाही, तर मावा बांध ओळखत नाही. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, सहकाराचेच आहे.