दूरच्या केंद्रांचा आवाज आणि आपले कान

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जुन्या पिढीतील दोन माणसे एकत्र आली की थोड्याच वेळात रेडिओचा विषय निघतो. रेडिओ सिलोन, बुधवारची रात्र, बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज. मग सुस्कारे सुटतात आणि तरुणांच्या कानांतील यंत्रांविषयी नापसंतीचे चार शब्द उच्चारले जातात. या स्मरणरंजनाला माझा विरोध नाही, परंतु ते मला अपुरे वाटते. इतरांसाठी रेडिओ हा प्रामुख्याने करमणुकीचा विषय होता. आपल्या समाजासाठी तो त्याहून पुष्कळ अधिक होता आणि त्याच वेळी त्याहून पुष्कळ कमीही होता. या दोन्ही गोष्टी सांगू शकणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडे शास्त्र. ध्वनीच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीची उंची कमी-अधिक करायची, ही ए. एम. प्रक्षेपणाची पद्धत. आकाशवाणीच्या मध्यम लहरी आणि सिलोन, बी. बी. सी. यांच्या लघुलहरी या दोन्हींवर हीच पद्धत वापरली जाई. दिवसा जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरांपर्यंत जाऊन तेथून परत पृथ्वीकडे वळतात. म्हणून दिवसा शे-दीडशे किलोमीटरवर संपणारे केंद्र रात्री हजार किलोमीटरवर बोलू लागते. असा थर असला पाहिजे हे केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ साली सुचविले. ॲपल्टन यांनी १९२४ साली प्रयोगाने त्याचा पुरावा दिला आणि १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयावर मोलाचे संशोधन केले.

या शास्त्राचा आपल्याशी संबंध इतकाच की आयनांबराला आडनाव कळत नाही. ज्या काळात गावातील विहीर, देऊळ, हॉटेलातील कपबशी, शाळेतील पाण्याचा माठ या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी उभा राहून ‘तू कोणाचा?’ असे विचारत होता, त्या काळात आकाशातून उतरणारी ही एकच वस्तू अशी होती की ती कोणाच्याही छपरावर सारख्याच जोराने उतरे.

परंतु छपरावर उतरणे वेगळे आणि घरात येणे वेगळे. लहरींना जात नव्हती. रेडिओच्या संचाला मालक होता. व्हॉल्व्हच्या रेडिओला वीज लागे, नाहीतर मोठी बॅटरी. वीज आपल्या वस्तीत सर्वांत शेवटी आली. संच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात संपुष्टात आली. ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्याने रेडिओचा परवाना कोठून काढावा? राहता राहिला गावचा सार्वजनिक रेडिओ. तो चावडीत किंवा ग्रामपंचायतीत असे, आणि चावडीच्या आत कोणी बसायचे व बाहेर कोणी उभे राहायचे हे रेडिओ येण्यापूर्वीच ठरलेले होते. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रम एकत्र ऐकून त्यावर चर्चा करण्याचा प्रयोग झाला. जगभरच्या अभ्यासकांनी तो नावाजला, आणि तो नावाजण्याजोगा होताही. मात्र सामूहिक श्रवण हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर प्रथम चावडीच्या पायऱ्या येतात.

हेच १९५६ साल आपल्या दृष्टीने रेडिओच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आहे. परंतु त्याची आठवण आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच निघते. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत बाबासाहेबांनी या माध्यमाचा जाणीवपूर्वक उपयोग केला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले व्यक्तिगत तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे, हे त्यांनी त्या भाषणात स्पष्ट केले. १२ मे १९५६ रोजी बी. बी. सी.वरून त्यांनी आपल्याला बौद्ध धम्म का प्रिय आहे याचे विवेचन केले. प्रज्ञा, करुणा आणि समता या तिन्ही तत्त्वांचा एकत्रित उपदेश हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मे रोजी, व्हॉइस ऑफ अमेरिकावर ते भारतातील लोकशाहीच्या भवितव्याविषयी बोलले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, तर एकत्र जगण्याची रीत आहे आणि जातिव्यवस्था तिच्या मुळावरच येते, असा त्या भाषणाचा आशय होता. चार दिवसांनी, २४ मेच्या बुद्धजयंतीला, मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करण्याची घोषणा केली. या तारखा ओळीने मांडल्या म्हणजे ध्यानात येते की दीक्षेपूर्वी बाबासाहेबांनी आपली भूमिका प्रथम साऱ्या जगाच्या कानावर घातली होती.

आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांच्या घरी त्या रात्री काय होते? रॉकेलची चिमणी होती. भाषणे इंग्रजीत होती, आणि लंडन-अमेरिकेची केंद्रे ऐकण्यासाठी लघुलहरींचा महाग संच लागे. आपल्या उद्धारकर्त्याचा आवाज आपल्याच डोक्यावरून निघून गेला. तो आपल्याला कळला तो पुढे, छापील अक्षरांतून. रेडिओच्या सुवर्णकाळाविषयी बोलताना हे सत्य विसरणे मला तरी शक्य होत नाही.

चित्र बदलले ते ट्रान्झिस्टरमुळे. विजेची गरज संपली आणि चावडीची पायरीही संपली. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधला कामगार, मुंबईच्या गोदीतला कामगार, रेल्वेतला खलाशी अशी पगारदार माणसे हप्त्याने का होईना, पण स्वतःचा संच घेऊ लागली. १९७०च्या दशकात माझ्या बालपणी आमच्या गल्लीत दोन-तीन ट्रान्झिस्टर होते आणि ते कोणा एकाचे नव्हते. म्हणजे मालक ठरलेला असे, पण ऐकणारे सारे असत. लघुलहरींवर सुई केसभर सरकली तरी देश बदलत असे. सिलोनची हिंदी गाणी शोधता शोधता एखादे वेळी सिंहली सेवेतील परित्राणपाठ कानी पडे. उच्चार निराळे, लय निराळी, परंतु शब्द तेच, जे आम्ही विहारात म्हणत होतो. आपला धम्म हा आपल्या वस्तीपुरता नाही, समुद्रापलीकडे भल्या पहाटे कोणीतरी हीच पाली म्हणत आहे, हे मला कोणत्याही पुस्तकाने इतक्या खात्रीने सांगितले नाही. १९५० साली कोलंबो येथील जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते हे मी पुढे वाचले. सिलोन मात्र मला आधीच ऐकू आले होते.

सिनेसंगीतासाठी परदेशी केंद्राकडे वळावे लागले याचे कारणही सर्वांना ठाऊक आहे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. केसकरांना सिनेसंगीत रुचत नव्हते. आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपार झाले आणि श्रोते सिलोनकडे गेले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. उच्च अभिरुचीच्या नावाखाली लोकांच्या कानांवर पहारा बसवता येत नाही, हा त्यातला धडा. मात्र सिनेसंगीतासाठी हळहळणाऱ्या आपल्या मित्रांना मी कधीकधी विचारतो की, भीमगीते कोणत्या केंद्रावर शोधत होता? ती गायन पार्ट्यांच्या मंडपात होती, नंतर तबकड्यांवर आणि कॅसेटवर आली. जयंती आणि महापरिनिर्वाण दिन सोडला तर रेडिओची सुई कोठेही नेली तरी वामनदादा सहसा सापडत नसत.

दूरचे केंद्र ऐकण्याचा खरा लाभ मला गाण्यांत दिसत नाही. तो पडताळा घेण्याच्या सवयीत दिसतो. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निधनाची बातमी बी. बी. सी.ने दिल्यानंतर कित्येक तासांनी ती आपल्या सरकारी माध्यमाने अधिकृतपणे सांगितली. पण आपल्या लोकांना ही सवय त्याच्याही आधी लागली होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटू लागल्या, तेव्हा परभणी-नांदेडकडे ज्यांचे नातलग होते अशी मोठी माणसे आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत सुई फिरवीत बसत. बातमीपत्र ‘तणाव’ म्हणून थांबे. गावाचे नाव येत नसे. मग दुसरे केंद्र, तिसरे केंद्र. एका घटनेचे तीन वृत्तांत ऐकायचे, त्यांतील समान तेवढे खरे धरायचे आणि जे कोणीच सांगत नाही त्याची चौकशी पत्राने करायची, ही रीत सातवी नापास माणसांनी शोधून काढली होती. वैद्यकीय महाविद्यालयात छातीला नळी लावून खरखरीतून नेमका आवाज वेगळा काढायला मला शिकविले गेले, तेव्हा ही विद्या अगदीच अपरिचित वाटली नाही.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात जगातील सर्व केंद्रे आहेत. तरीही आपल्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये फिरतात, आणि ती पुढे पाठविणाऱ्यांत मुले थोडी आणि तक्रार करणारे वडीलधारे अधिक असतात, असे माझे निरीक्षण आहे. न निवडलेला आवाज कानी पडणे, ही दूरच्या केंद्राची देणगी होती. आताचे यंत्र आपल्याला आपलेच मत पुन्हा ऐकविते.

ही केंद्रे एकेक करून बंद होत आहेत. १९८८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचा १५६६ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपक नागपूरला होता, आपल्या दीक्षाभूमीच्या शहरी. त्याची शक्ती १००० किलोवॅट होती. अमेरिकेत मध्यम लहरींच्या केंद्राला कमाल ५० किलोवॅटची परवानगी आहे. म्हणजे नागपूर त्याच्या वीसपट. १९९०च्या दशकात ओहायोमध्ये रात्रपाळी संपवून परतताना मी मोटारीत ८९० वर शिकागो, १०३० वर बोस्टन आणि ६५० वर नॅशव्हिल ऐकत असे, तेव्हा नागपूरचा तो आकडा आठवून उगाच अभिमान वाटे. ती राष्ट्रीय वाहिनी २०१९च्या आरंभी बंद झाली. बी. बी. सी. हिंदीचे लघुलहरींवरील प्रक्षेपण जानेवारी २०२० अखेर थांबले. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसविण्यात आले आणि प्रसारणे ठप्प झाली. ज्या केंद्रावरून बाबासाहेब लोकशाहीविषयी बोलले होते तेच हे केंद्र. विजेवर चालणाऱ्या कित्येक मोटारींतून ए. एम. रेडिओ काढून टाकला गेला, कारण मोटरच्या विद्युतक्षेत्राने त्यात खरखर होते. तो सर्व मोटारींत सक्तीचा करावा यासाठी २०२३ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयक मांडले गेले. या प्रयत्नांना शुभेच्छा द्याव्यात, परंतु केंद्रे वाचविणे आपल्या हाती नाही.

आपल्या हाती दुसरे एक काम आहे. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. अशी माणसे आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांत आजोबा-आजी म्हणून येथे येऊन राहिली आहेत. रेडिओचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अभियंते, निवेदक आणि गायक यांना विचारले; पायरीवर उभे राहून ऐकणाऱ्याला कोणी विचारले नाही. ते आपण विचारावे आणि उत्तरे ध्वनिमुद्रित करून मंडळाकडे द्यावीत. पुढील स्मरणिकेत त्यांतील निवडक भाग छापता येईल.

प्रश्न मोघम नसावेत. ‘तुमच्या काळी कसे होते?’ असे विचारले तर ‘फार हाल होते’ एवढेच उत्तर मिळते. पहिला रेडिओ कोणाच्या घरी ऐकला? तुम्ही आत होता की बाहेर? ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेल्याची बातमी कोणी सांगितली, रेडिओवरून कळली की धावत आलेल्या माणसाकडून? त्या वेळी घरात कोण काय करत होते? वस्तीतील पहिला ट्रान्झिस्टर कोणी घेतला आणि त्याचे पैसे कसे जमविले? बायकांना सुई फिरवायला मिळत असे का? हा शेवटचा प्रश्न आजीला एकटीला गाठून विचारावा.

विचारताना घरातील टीव्ही बंद करावा. वार्धक्यात प्रथम तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून मोठ्याने ओरडण्यापेक्षा सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावे, तोंड उजेडात ठेवावे, आणि ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसावे. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक वेळ शिणवू नये. मध्येच शांतता पसरली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये.