कपाटाची किल्ली कुणाकडे?

गेल्या 15 ऑक्टोबरला तालुक्याच्या गावाजवळच्या एका शाळेने आम्हाला पाहुणे म्हणून बोलावले होते. वाचन प्रेरणा दिन होता. डॉ. अब्दुल कलाम यांच्या तसबिरीला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती, फळ्यावर रंगीत खडूने काढलेले उघडे पुस्तक आणि त्या पुस्तकातून उडालेले रॉकेट. स्वागतगीत झाले, शाल-श्रीफळ झाले, मग आमचे भाषण झाले. ते पस्तीस मिनिटे चालले, हे आम्ही कबूल करतो. त्यानंतर ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून पुस्तकांचे गठ्ठे आले, ओळीने बसलेल्या मुलांच्या हातात एकेक पुस्तक पडले आणि वीस मिनिटांचे सामूहिक वाचन सुरू झाले. एका सरांनी तीन बाजूंनी फोटो काढले. अहवालासोबत पाठवायचे होते.

दाराच्या कडेला सातवीतली एक मुलगी बसली होती. तिच्या वाट्याला फास्टर फेणे आला होता. मुखपृष्ठ निसटलेले, पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर निळ्या शाईत दाखल क्रमांक. फोटोवाले सर अगदी समोर आले तरी तिने मान वर केली नाही. ओठ हलत होते, बोट ओळीखालून सरकत होते आणि मधूनच थांबत होते. घंटा झाली तेव्हा फाफे कुठल्या तरी संकटात असणार, कारण तिचा चेहरा तसा झाला होता. पुस्तके गोळा व्हायला लागली. तिने पायाशी पडलेली चिंचेची एक काडी पाल्यासकट उचलून पानांत घातली आणि विचारले, "सर, घरी नेऊ का? उद्या आणते." सर काही वाईट नव्हते. "अगं, नोंद करावी लागते. बघू नंतर," एवढेच म्हणाले. पुस्तक कपाटात गेले, कुलूप लागले, किल्ली सरांच्या खिशात गेली. दीडशे मुलांत त्या दिवशी प्रेरणा झालेली आम्हाला दिसली ती या एकीला, आणि रिकाम्या हाताने घरी गेली तीही हीच.

कलामांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतला. त्याच वर्षी जुलैत शिलाँगला विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलता ते कोसळले होते. दिवसाची निवड योग्यच आहे. रामेश्वरमचा हा मुलगा वर्तमानपत्रे विकत असे, हे आपल्याकडच्या प्रत्येक भाषणात येते, आमच्याही आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडी रामेश्वरमला थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे झेलायला त्यांचे चुलतभाऊ शमसुद्दीन यांना मदतनीस हवा होता. तो म्हणजे कलाम. गोष्ट चांगली आहे. पण तिच्यात मुलाने वर्तमानपत्र वाचल्यापेक्षा विकल्याचा भाग जास्त. वाचनाची गोष्ट त्यांच्या 'अग्निपंख' या आत्मचरित्रात तिच्या थोडी आधीच आहे, आणि ती भाषणात सहसा येत नाही. गावात एस. टी. आर. माणिकम नावाचे एक कडवे राष्ट्रवादी गृहस्थ होते. त्यांच्या घरी बरीच पुस्तके होती. या मुलाला त्यांनी जमेल तेवढे वाचायला उत्तेजन दिले, आणि तो पुस्तके न्यायला त्यांच्या घरी जाऊ लागला. बस, एवढेच. ज्यांच्या नावाने आपण हा दिवस पाळतो, त्यांच्याबाबतीत एका माणसाने आपले कपाट उघडे ठेवले होते. 'अग्निपंख' जवळपास प्रत्येक शाळेच्या कपाटात असते, बक्षीस समारंभातही तेच हटकून दिले जाते. ती पाने कुणी तरी वाचली असतीलच.

मुंबईतले उदाहरण तर आपल्या घरचेच. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसे. कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथे येत. ते शिक्षक होते आणि लेखकही. शिवाजी महाराजांचे आणि बुद्धाचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले होते. त्यांनी मुलाची चौकशी केली, नाव विचारले, हळूहळू त्याला पुस्तके देऊ लागले. पुढे परीक्षा पास झाल्याबद्दल त्या मुलाचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. ते पुस्तक कुठवर पोचले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मात्र त्याच्या आधीची एक पायरी विसरली जाते. वडील रामजी सुभेदार पोराच्या पुस्तकापायी लग्न झालेल्या लेकींकडे जात, पैसे नसतील तर त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. या मुलाने मोठेपणी दादरला घर बांधले ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. राजगृह.

माणिकम काय, केळुसकर काय, या माणसांनी वाचनाचे महत्त्व या विषयावर त्या मुलांपुढे भाषण केल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांनी मूल पाहिले आणि त्याच्या हातात पुस्तक ठेवले. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे. वाचनाची आवड लावायला कुणाला तरी त्या एका मुलाकडे बघावे लागते, आणि नंतर पुस्तक त्याच्याबरोबर घरी जाऊ द्यावे लागते. यातले पहिले अवघड आहे. दुसरे सोपे असायला हवे, पण आपण ते अवघड करून ठेवले आहे.

कुलपाचे कारण मुलांवरचा अविश्वास नव्हे, हेही सांगितले पाहिजे. शाळेतल्या टेबल, खुर्ची, घंटा, तिजोरी यांची ज्या वहीत नोंद होते तिला आपल्याकडे जडसंग्रह म्हणतात. पुस्तकांची दाखलवही वेगळी असते खरी, पण भीती तीच. पदभार सोडताना यादीप्रमाणे मोजणी होते. दहा पुस्तके कमी भरली तर उत्तर कुणी द्यायचे? स्वतंत्र ग्रंथपाल मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळांच्याच नशिबी. इतरत्र हे काम गणिताच्या नाहीतर मराठीच्या सरांकडे, आणि त्यांच्याकडे आधीच शालेय पोषण आहार, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे. अशा माणसाने कुलूप लावले तर दोष त्याच्या कपाळी मारण्यात अर्थ नाही. वाचून वाचून पाने सुटलेले, हरवलेले, भाऊ-बहिणींत फिरून चिंध्या झालेले पुस्तक हे त्या शाळेचे नुकसान नसून खर्ची पडलेले पुस्तक आहे, असे सरकारने एकदा लेखी सांगून टाकावे. खडू संपला म्हणून कुणी चौकशी लावत नाही.

मोबाइलला शिव्या घालण्याचा कार्यक्रम या दिवशी ठरलेला असतो. आम्ही तो यंदा गाळतो. मोबाइल उघडायला चार आकडे लागतात, पुस्तक उघडायला मुख्याध्यापकांची परवानगी. या शर्यतीत कोण जिंकणार?

तरुण वाचत नाहीत ही तक्रार घेऊन कुठल्याही तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जावे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था मोठी आहे. अ, ब, क, ड वर्गांची मिळून काही हजार वाचनालये राज्यात आहेत. तिथल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जागा मिळत नाही. पाण्याची बाटली, डबा, हायलायटर, चालू घडामोडींचा अंक, भिंतीला टेकवलेली तलाठी भरतीची प्रश्नपत्रिका. वीस ते तीस वयाची मुले-मुली रात्री दहापर्यंत खाली मान घालून वाचत असतात. इतके तास बसून वाचणारी पिढी महाराष्ट्राने याआधी पाहिली असेल असे वाटत नाही. आणि त्यांच्या पाठीशी, हात मागे केला तर लागेल इतक्या अंतरावर, काचेच्या कपाटांत कादंबऱ्या उभ्या असतात. एका मुलाला आम्ही विचारले, यातले कधी काही काढलेस का? तो हसून म्हणाला, "पोस्ट निघाली की वाचू." या मुलांना वाचनाची सवय नाही असे कोण म्हणेल? त्यांची चैन आपण पुढे ढकलून ठेवली आहे, एवढेच.

ही पुढे ढकलण्याची सुरुवात पहिली-दुसरीतच होते. गोष्ट संपते न संपते तोच प्रश्न येतो: यातून काय बोध घ्याल? मराठी माणसाला पुस्तकातून संस्कार हवा असतो. मजा आली तर ती चोरून आलेली बरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी पाठ्यपुस्तकात दडून कितीतरी वर्गांत प्रवेश केला आणि सापडल्यावर मारही खाल्ला. त्या मुलांचे वाचन सुसाट झाले ते त्याच पानांवर. पुढे त्यातलेच कित्येक ज्ञानकोशापर्यंत गेले, कित्येक गेले नाहीत, दोघांनीही वाचले. आज आईबाप पुस्तक प्रदर्शनात मुलाच्या हातातले भुताचे पुस्तक काढून थोरांचे चरित्र देतात, तेव्हा दोन पुस्तके वाया जातात. ते चरित्र मूल उघडत नाही आणि भुताचे पुस्तक त्याला मिळत नाही.

अर्थात, ज्या मुलाला ओळ सरळ वाचता येत नाही त्याला आवडीची गोष्ट सांगून उपयोग नाही. अक्षर जोडण्यातच दम लागत असेल तर गोष्टीची चव लागणार कशी? 'असर'ची पाहणी दुसरीच्या पातळीचा उतारा मुलांपुढे ठेवते आणि पाचवीतलीही बरीच मुले तिथे अडखळतात, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. यावर एक जुना उपाय आपल्याच घरात होता. चातुर्मासात संध्याकाळी पाटावर पोथी उघडायची, आणि हरिविजय किंवा पांडवप्रताप वाचायचे काम बहुतेक वेळा नातवाकडे असायचे, कारण आजीला अक्षर येत नसे. आजीला ती ऐकून ऐकून पाठ झालेली असायची. नातू चुकला की ती वातीकडे बघतच पुढचा शब्द सांगायची. मुलाला मोठ्याने वाचण्याचा सराव मिळायचा, आणि आपल्या वाचण्याची कुणाला तरी गरज आहे, हेही कळायचे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती अशीच, रात्रीमागून रात्र सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात. सांगणारा आहे, भोवती ऐकणारे आहेत. ते पुस्तक मोठ्याने वाचून बघावे; मनात वाचताना ते जितके रडवे वाटते, तितके मोठ्याने वाचताना वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

कपाटे उघडणारी माणसे आजही आहेत. पाचगणीजवळच्या भिलार गावात 2017 च्या मे महिन्यात स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी आपल्या घरांच्या पडव्या आणि खोल्या पुस्तकांना दिल्या. पंचवीस जागांनी सुरुवात झाली. परका माणूस चप्पल काढून आत जातो, पुस्तक घेऊन बसतो, कुणी हटकत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतल्या पेट्या तर समुद्र ओलांडून परदेशातल्या मराठी घरांत पोचल्या. बालभारतीचे 'किशोर' 1971 पासून निघते आहे आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. माधुरी पुरंदरेंची पुस्तके आहेत. लहान मुलाला अक्कल असते हे गृहीत धरून लिहिलेली. तेव्हा पुस्तके नाहीत ही सबब आता फारशी टिकत नाही. आमच्या लहानपणी ती खरी होती. गावात चांदोबा एकच यायचा आणि सात घरांतून फिरून आपल्याकडे येईतो वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकलेला असे.

यंदाही त्याच शाळेतून फोन आला. मुख्याध्यापकांनी कार्यक्रम सांगितला: प्रतिमापूजन, पुस्तक परीक्षण स्पर्धा, पाहुण्यांचे मार्गदर्शन, सामूहिक वाचन. आम्ही म्हटले, मार्गदर्शन गाळा. त्या पस्तीस मिनिटांत कपाट उघडे ठेवा, ज्याला जे हवे ते नेऊ द्या, नोंद आम्ही स्वतः वही घेऊन करत बसतो. नावापुढे पुस्तकाचे नाव, एवढेच ना? पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "चालेल तसं. फक्त किल्ली पाटील सरांकडे आहे, आणि ते ट्रेनिंगला गेलेत. विचारून सांगतो." गेल्या वर्षीची ती मुलगी आता आठवीत असेल. चिंचेची काडी पानांतच असणार.