गाण्यात राहणारा धर्म

मार्गशीर्षात साक्री तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, भिल्ल, मावची लोक डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. व्रत धरलेले भाये कडक नियम पाळतात, पावरीच्या सुरावर नाचतात आणि पौर्णिमेला गडावर जातात. थाळकरी काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करतो, तिच्यावरून बोटे ओढतो आणि त्या नादात देवांच्या कथा गातो.

शाळेत आम्ही याला 'लोकसाहित्य' म्हणतो आणि स्नेहसंमेलनात पाच मिनिटे देतो. पण ही कथा वगळली तर मागे विधी उरत नाही. देव कोण, डोंगराशी आणि धान्याशी आपले नाते काय, हे सगळे त्या गाण्यातच आहे. वेगळा ग्रंथ नाही.

मुस्लिम वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे कुरआन लिहिलेला आहे, तरी हाफिजांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेवला. थाळकऱ्यामागे मात्र छापील प्रत नाही. शिष्य न घडवता तो गेला, तर सारे त्याच्यासोबत जाते.

युरोपातल्या लाटव्हियात काय झाले पाहा. तिथे क्रिश्यानिस बारोन्स यांनी दोन लाखांहून अधिक लोकगीते 1894 ते 1915 या काळात छापली. पुढे 1920च्या दशकात काही लोकांनी त्या पुस्तकांतून आपला जुना धर्म पुन्हा जुळवायला घेतला. ख्रिस्तीकरणाला तोवर कित्येक शतके लोटली होती. आपल्या साक्रीत ती साखळी अजून तुटलेली नाही. आधी ती तुटू द्यायची आणि मग संग्रहातून शोधायची, हा कुठला शहाणपणा?

काही जण म्हणतील, तौहीद मानणाऱ्याने या देवांची काळजी का करावी? माझा अकिदा मला स्पष्ट आहे. पण दुसऱ्याच्या श्रद्धेला 'जाहिलियत' म्हणून मोडीत काढणे वेगळे आणि ती न मानणे वेगळे. शिवाय जळगावच्या सातपुड्यातले तडवी भिल्ल मुस्लिमही आहेत आणि आदिवासीही. हा विषय आपल्या घराबाहेरचा नाही.

1951 पासून जनगणनेत आदिवासी धर्मासाठी स्वतंत्र रकाना नाही. 2011 च्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते. इतरांनी आपल्या धर्माचे पूर्ण नाव सांगायचे होते. प्रगणक म्हणून दारोदार जाणारे बहुधा आपण शिक्षकच असतो. तेव्हा शिक्षकमित्रांनो, आडनाव पाहून रकाना भरू नका. घरच्यांना विचारा आणि ते सांगतील तेच नाव लिहा.